एका फोनची दोन माणसं

"फार वाईट झालं हो मावशी," कंपनीच्या गाडीवरचा सिओने जिन्याच्या वरच्या पायरीवर टोपी काढून म्हणाला, आणि मग हातातल्या टॅबलेटवर बोट सरकवत त्याने विचारलं, "मेरिनबाईंचं मास्कचं यंत्र कुठल्या खोलीत असायचं?"

मेरिन टोलहर्स्ट कॉफीचा मग हातात धरून तशीच उभी राहिली. गाडी येणार हे तिला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला, ग्रॅहमला, जाऊन महिना होत आला होता. त्याचा वरखाली होणारा पलंग, त्याचं ऑक्सिजनचं यंत्र, नळ्यांचं भेंडोळं, सगळं तिने स्वतः पुसून दिवाणखान्यात मांडून ठेवलं होतं, म्हणजे येणाऱ्या माणसाला आत शिरावं लागू नये. ते सगळं टोंगा बेटांवरच्या ह्या आडदांड माणसाने एकट्याने, घामाघूम होत, लाकडी जिन्यावरून खाली नेलं आणि ती डोळ्यांत टिपूस न आणता बघत राहिली. शेजारी कुणीतरी गवत कापत होतं. खाली अंगणात रानटर्की पक्षी तिने काल लावलेली रोपं अगदी निवांतपणे उकरून काढत होता. सगळं कुठल्याही शनिवारसारखं चाललेलं असताना हा प्रश्न आला.

"मेरिन म्हणजे मी," ती म्हणाली.

सिओनेने टॅबलेट पाहिला, तिला पाहिलं, पुन्हा टॅबलेट पाहिला. "पण मेरिन गेल्यात ना? इथे तसं आलंय. मयत, सगळं उचला. तुम्ही त्यांची बहीण का?"

"मीच रे बाबा. जिवंत आहे. कॉफी पितेय."

"मला तर दिसतंय मावशी. पण ह्याला कोण सांगणार?"

तिने टॅबलेट त्याच्या हातातून घेतला आणि वाचला, आणि पहिल्यांदा तिला चक्क हसू आलं. तिच्या धंद्यातल्या माणसालाच येईल असलं हसू. ती जिथे कामाला होती ती कंपनी घरोघर श्वासाची यंत्रं, पलंग, चाकाच्या खुर्च्या भाड्याने देत असे, आणि गेल्या वर्षी गोल्ड कोस्टच्या तसल्याच एका कंपनीशी ह्या कंपनीचं लग्न लागून दोन्ही एक झाल्या होत्या. दोन्हीकडचे संगणक वेगळे, शब्द वेगळे. एकाचा 'ग्राहक' तो दुसऱ्याचा 'रुग्ण', एकाची 'परत पाठवणी' ती दुसऱ्याची 'उचल'. ऑर्डर आली की यंत्र पोचवणं, बिघडलं की दुरुस्ती, माणूस गेला की यंत्र परत आणणं, ही सगळी साखळी माणसाचा हात न लागता चालायची असेल, तर संगणकाला नुसती नावं पुरत नाहीत, अर्थ लागतात. ग्राहक म्हणजे काय, मृत्यू म्हणजे काय, कशावरून काय ठरतं. ते अर्थ आणि त्यांच्यातली नाती लिहिणं हे मेरिनचं काम होतं. धंद्यातले लोक त्याला सिमँटिक म्हणत. ग्रॅहम म्हणे, मेरिनचं शब्दकोडं. एकदा अर्थ लिहून दिले की तर्क करणारा प्रोग्राम त्यावरून आपले आपण निष्कर्ष काढी, आणि गाड्या निघत. आत्ताचा निष्कर्षही त्याने किती नेटका काढला होता. एका फोन नंबराचा माणूस एकच असतो, असा नियम. ग्रॅहमचा नंबर आणि मेरिनचा नंबर एकच. म्हणजे ग्रॅहम आणि मेरिन हे एकाच माणसाला दिलेले दोन शब्द. ग्रॅहम मेला. तेव्हा मेरिन मेली. तेव्हा तिचं यंत्र उचला. ह्यात एकही पायरी चुकलेली नव्हती, आणि तेच पाहून तिचं हसू हळूहळू विरलं.

तो नियम तिचा नव्हता. फर्गस ऑटवेचा होता, तिच्या साहेबाचा. दोन कंपन्यांच्या याद्यांत तीच माणसं दोनदोनदा आली होती आणि ती एक करायची होती. त्या बैठकीत ती म्हणाली होती, फोन घराचा असतो, माणसाचा नसतो. फर्गस खुर्चीत मागे रेलून हसला होता. "आजच्या काळात फोन वाटून कोण घेतं, मेरिन? तू पण ना, लगेच तत्त्वज्ञानात शिरतेस." बाकीचेही हसले. ती म्हणाली होती की आपल्या ह्या तर्कात दोन नावं म्हणजे दोन माणसं असं मुळीच धरलेलं नसतं. ती वेगळी आहेत हे कुणीतरी लिहून द्यावं लागतं, नाहीतर प्रोग्राम त्यांना बिनदिक्कत एक करतो. "मग अपवाद येतील तसे लिहू की," फर्गस म्हणाला होता. अपवाद म्हणे. तेवढ्यात तिला दवाखान्यातून फोन आला, ग्रॅहमला दम लागला होता, आणि ती उठून गेली. तिच्यामागे नियम मंजूर झाला. आणि आता तो अपवाद कॉफी पीत दारात उभा होता.

त्या घरच्या नंबराचा अर्ज ग्रॅहमने भरला होता. सगळेच अर्ज तो भरायचा. फोन वाजला की तोच उचलायचा, आणि कुणाचाही असो, म्हणायचा, "बोला, आम्ही ऐकतोय." अजून कुणी त्या नंबरावर फोन केला तर निरोप घेणाऱ्या यंत्रातून त्याचाच आवाज येई, की आम्ही घरी नाही, आम्ही तुम्हाला उलट फोन करू. आम्ही. आम्हाला मासे आवडत नाहीत, आम्ही नाताळात कुठे जात नाही, आम्ही त्या पक्षाला मत देत नाही. लोक जेवायला बोलावत ते 'ग्रॅहम-आणि-मेरिन'ना, एका दमात, एका शब्दात. ती वाक्य सुरू करी आणि तो ते पुरं करी, आणि बहुतेक वेळा बरोबर पुरं करी, हेच त्यातलं वाईट होतं. चुकला असता तर भांडता तरी आलं असतं. मासे तिला आवडत होते. लग्नाआधी ती वडिलांबरोबर विनमच्या धक्क्यावर बसून कागदातले गरम मासे खायची. त्याच्या अंत्यविधीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी तिने तसलंच एक पुडकं घेतलं आणि गाडीत बसून, काचा वर करून, चोरासारखं खाल्लं. बोटं चाटली. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली, आणि रडताना तिला त्याचा इतका राग आला की तिने मोठ्याने शिवी दिली. त्याच विधीत तिची नणंद गळ्यात पडून म्हणाली होती, "अर्धी तूही गेलीस गं त्याच्याबरोबर." आता दारात उभं राहून तिला वाटलं, नणंदबाई आणि फर्गसचा प्रोग्राम एकाच शाळेत शिकलेले दिसतात. फक्त नणंद अर्धीवर थांबली होती.

"मावशी, रागावू नका," सिओने मानेवरचा घाम पुसत म्हणाला, "तुमचं ठेवतो मी इथेच. बाई घरी नव्हत्या असं लिहितो."

"मेलेली बाई घरी नव्हती?"

"मग काय लिहू? माझ्या गाडीत तुमच्या मास्कला आता जागाही नाही. कालची दोन, इनाला भागातली, तशीच पडलीत, डेपो बंद झाला होता."

"दोन?"

"दोन ऑक्सिजनची. एका घरातली, एका नावाची. दोघी म्हाताऱ्या बहिणी राहायच्या, त्यातली एक गेली. मी म्हटलं, एक जुनं असेल, एक नवं." त्याचा आवाज बोलता बोलता बसत गेला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या टॅबलेटकडे. "दुसरी दारातच उभी होती. काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही."

मेरिनने कॉफीचा मग कठड्यावर ठेवला. तिला काहीच विचारावं लागलं नाही. दोघी बहिणी, एक घर, एक फोन. "तिच्याकडे आणखी काय ठेवलंयस?"

"ऑक्सिजनची बाटली आहे. वीज गेली तर लागते ती. टॅबलेटवर नव्हती आणि दाराआड होती, म्हणून मी... म्हणजे आळसच केला."

"देव तुझ्या आळसाचं भलं करो. किती पुरते ती बाटली?"

"जपून वापरली तर सकाळपर्यंत."

सकाळ झालेलीच होती. तिने लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली आणि अनवाणीच निघाली होती ती परत येऊन चपला घालून गेली. त्या बहिणींची फाइल बंद झालेली, आणि बंद फाइलमधला फोन नंबर उघडत नाही. रुग्णवाहिकेला तिने गाडीत बसता बसता पत्ता सांगितला. पलीकडची बाई म्हणाली, आज सगळीकडे गर्दी आहे, पाठवतो. सिओने किल्ली फिरवता फिरवता थांबला. "मावशी, परत पोचवायचा हुकूम नाहीये माझ्याकडे. हुकमाशिवाय यंत्र उतरवलं की नोकरी गेली. मला चार पोरं आहेत."

"हुकूम मी देतेय."

"तुम्ही मयत आहात."

"म्हणून तर. मेलेल्या बाईला कोण कामावरून काढतंय? सगळं माझ्या नावावर घाल. चल."

तो एकदम मोठ्याने हसला, आणि गाडी निघाली. मागे तीन यंत्रं एकमेकांवर आपटत होती, त्यातलं एक ग्रॅहमचं. इप्सविच रोडवर हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेज भाजायला लागले होते, कांद्याचा वास गाडीत शिरला, आणि अशा वेळी आपल्याला भूक लागावी ह्याची तिला लाज वाटली नाही. ती आवाज ऐकत होती. ग्रॅहमच्या शेवटच्या महिन्यांत त्यांच्या खोलीत दोन यंत्रं चालत. त्याचं खाली जमिनीवर, धापा टाकल्यासारखं. तिचं मास्कचं, झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावायचं, उशाशी, बारीक सुस्कारे टाकणारं. ती डोळे मिटून पडून राही आणि तिला वाटे, आता दोन्ही एका लयीत येतील, आता येतील. कधी आली नाहीत. त्याचा श्वास पुढे गेला की तिचा मागे राही, तिचा आला की त्याचा संपलेला असे. तेव्हा तिला ते टोचायचं, इतक्या वर्षांनी एवढंही जमू नये. मग एका पहाटे एकच यंत्र ऐकू येत होतं आणि ते तिचं होतं. तिला पहिल्या क्षणी काय वाटलं ते तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तिला वाटलं होतं, माझं चालू आहे.

फर्गस फोनवर आला तेव्हा मागे शिट्ट्या आणि मुलींचा आरडाओरडा होता. तो लेकीच्या नेटबॉलच्या सामन्याला आला होता. तिने दोन वाक्यांत सांगितलं.

"बापरे. बरं, घाबरू नकोस. तू काय कर, एक ओळ लिही. मेरिन ही ग्रॅहमहून वेगळी. झालं. तुझं सुटलं."

"आणि त्या बहिणी?"

"त्यांचीही एक ओळ लिही. दोन ओळी. पाच मिनिटांचं काम आहे."

"आणि ज्यांच्या घरी सिओने अजून पोचलाच नाहीये, ते? नवरा-बायको, आई-मुलगा, एका छताखालचे भाडेकरू? त्यांच्यातलं कोण कधी मरेल ते तू मला आधी सांगशील का?"

"मेरिन, सोमवारी संचालक येतायत. दोन कंपन्यांचे सगळे ग्राहक आपण एक केले हेच तर दाखवायचंय. तू नियम काढून टाकलास तर सगळे पुन्हा सुटे होतील, वर्षाचं काम पाण्यात. सोमवारनंतर शांतपणे बसू."

"नियम काढून टाक, फर्गस."

"तू दुःखात आहेस. मला कळतं. ग्रॅहम असता तर त्याने तुला सांगितलं असतं..."

"ग्रॅहमने काय सांगितलं असतं ते मला तुझ्याहून जास्त ठाऊक आहे," ती म्हणाली, "आणि मी ते ऐकलं नसतं." आणि तिने फोन ठेवला. सिओने समोर बघून गाडी हाकत होता आणि गालातल्या गालात हसत होता.

इनालातलं ते घर बुटकं, विटांचं, पुढे मिरच्या आणि पुदिना लावलेलं. रुग्णवाहिका अजून पोचली नव्हती. दार उघडंच होतं. लिएन गुयेन स्वयंपाकघरात खुर्चीवर ताठ बसली होती, नळी नाकाशी, बाटली पायाशी, ओठ निळसर. बाटलीवरचा काटा तळाशी टेकला होता. सिओने दोन्ही यंत्रं एकदम उचलून आणायला बघत होता. मेरिन ओरडली, एक, आधी एक, चालणारं. त्याने ते भिंतीशी लावलं, तिने नळी बदलली, आणि मग ते तिघेही त्या यंत्राची धाप ऐकत राहिले. म्हातारीने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यात रंग यायला वेळ लागला. तो आल्यावर तिने पहिल्यांदा सिओनेकडे बोट केलं.

"हा. ओरडले मी ह्याच्यावर. इंग्रजीत ओरडले. ह्याच्या कानात गाणी!"

सिओने चपला हातात घेऊन उभा होता. "सॉरी, आजी."

"फोन केला कंपनीला. तिथली पोरगी म्हणते, नाव सांगा. सांगितलं. म्हणते, त्या वारल्यात, आम्हाला दुःख आहे. मी म्हटलं, अगं बये, वारली ती थाओ, मी लिएन. म्हणते, एकच आहे." बोलताना तिला धाप लागत होती, पण ती थांबायला तयार नव्हती. "भाच्याला फोन केला, तो येतोय टुवूंबाहून. रुग्णवाहिका नको म्हटलं. त्यांनी नेलं आणि मागून ह्याने घर नेलं तर? साठ वर्षं मी थाओची धाकटी बहीण. तिचे कपडे, तिची सायकल, बेकरीत तिचं नाव पाटीवर. शेवटी तिचं मरण पण मलाच घालायला देता?"

फडताळावर थाओचा फोटो होता, पुढे संत्री आणि विझलेली उदबत्ती. दोघींचा चेहरा अजिबात एक नव्हता. थाओचा रुंद, हसरा, हिचा चाकूसारखा. मेरिनने दोन्ही पाहिले आणि टेबलावरचे पालेभाजीचे देठ बाजूला सारून लॅपटॉप उघडला.

एक ओळ लिहायला खरंच पाच मिनिटंही लागली नसती. तिने ती घरी असतानाच मनात लिहून पाहिली होती. मेरिन ही ग्रॅहमहून वेगळी. पण ती लिहायची म्हणजे कबूल करायचं की एरवी, कुणी हरकत घेईपर्यंत, आपण एकच होतो. की वेगळं असणं ही मागून घ्यायची सवलत आहे, अर्ज करा, मिळेल. ज्याला अर्ज करता येत नाही, ज्याचा श्वास तोवर पुरत नाही, तो गेला. नाही. तिने तीस वर्षं ही सवलत मागितली नव्हती आणि आताही मागणार नव्हती. तिला आठवलं, ग्रॅहमला एकदा तिने भीतभीत म्हटलं होतं, मला ना, मासे आवडतात. तो इतका बावचळला होता. "मग बोलली का नाहीस गं?" तो खरंच विचारत होता. चांगला माणूस होता. त्याला कधी कळलंच नाही की ती काय आहे ते आधीच मानून टाकलेलं होतं, आणि बोलायचं ओझं तेवढं तिच्यावर टाकलेलं होतं. तिचा त्याच्यावर जीव होता. तरीही, नाही.

नियम काढून टाकायला तिची आणि फर्गसची, दोघांची संमती लागे. अडचणीच्या वेळेसाठी एक आडवाट होती, एकाच्या जबाबदारीवर. ती आजवर कुणी वापरली नव्हती, कारण वापरणाऱ्याला संचालकांपुढे उभं राहावं लागे. तिने ती वाट धरली. प्रोग्रामने विचारलं, खात्री आहे का. त्याने कारण विचारलं. तिने लिहिलं: फोन घराचा असतो. आणि नियम पुसला.

तर्क पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पडद्यावर नावं सुटी होऊ लागली. जोडपी, माय-लेकी, भाऊ, एका बिऱ्हाडातली परकी माणसं, एकेक जण दुसऱ्यापासून निघून आपल्या ओळीवर जाऊन उभा राहत होता. उचलण्याचे हुकूम रद्द होत होते आणि सिओनेचा टॅबलेट दर थोड्या वेळाने टुणटुणत होता. "मावशी, गाडीला आज कामच उरलं नाही," तो म्हणाला. ती खाली, खाली जात ट अक्षरापर्यंत पोचली. टोलहर्स्ट, मेरिन. जिवंत. आणि त्याच्या वर, आता वेगळ्या ओळीवर, टोलहर्स्ट, ग्रॅहम. मयत. ह्या एका जागी का होईना, तो मघापर्यंत तिच्यात होता. त्याला तिने आपल्या हाताने बाहेर काढून ठेवलं होतं, आणि आता तो तिथे एकटाच मेलेला होता. ती रडली, लपवलं नाही. हात मात्र नियम परत लावायला पुढे गेला नाही.

"झालं?" लिएनने विचारलं.

"झालं. आता आपण दोघी जिवंत आहोत."

"आणि ही?" तिने फोटोकडे मान वळवली.

"ती नाही."

"हं," म्हातारी म्हणाली. "ते मला माहीतच होतं." तिने सिओनेला किटलीकडे पिटाळलं आणि यंत्राची नळी सावरत, फोटोपुढची उदबत्ती पेटवायला उठली; मग नाकातल्या ऑक्सिजनची आठवण होऊन काडेपेटी खाली ठेवली आणि थाओपुढचं एक संत्रं उचलून मेरिनच्या हातात दिलं. मेरिन ते सोलायला लागली. सालाचा वास बोटांना लागला.

फोन वाजायला लागला. फर्गस. पडद्यावरची सुटी माणसं त्यालाही दिसली असणार. तिने तो वाजू दिला, फोड तोंडात टाकली, सावकाश चावली. सोमवारी काय होईल ते तिला स्पष्ट दिसत होतं, लांब टेबल, पलीकडे बसलेली माणसं, आणि अलीकडे एकच खुर्ची. तिने ओली बोटं झग्याला पुसली आणि फोन उचलला.

"बोल फर्गस," ती म्हणाली. "मी ऐकतेय."